बंबाचा चहा

मराठीत 'बंब' या शब्दाइतके परस्परविरोधी हाल दुसऱ्या कुठल्या शब्दाचे झाले नसतील. न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबाच्या पोटात आग घालायची, पाणी तापवायला. रस्त्यावरच्या लाल बंबाच्या पोटात पाणी घालायचं, आग विझवायला. शब्द मूळचा पोर्तुगिजांचा. त्यांच्याकडे पंपाला 'बोंबा' म्हणतात. बोंबा मारल्याशिवाय बंब येत नाही, हे त्या दर्यावर्दी लोकांना फार पूर्वीच कळलेलं दिसतं.

आणि आला तरी तो वेळेवर येत नाही, ही भर आपली. 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' ही म्हण तुम्हाला ठाऊक असेलच. माझं आजोळ दौंड तालुक्यात असल्यामुळे मला या म्हणीत भूगोलही दिसतो. शेजारच्या बारामती तालुक्यात खरोखरीचं सोमेश्वर आहे, तिथं साखर कारखाना आहे. रामेश्वर तेवढं लांब पडतं.

ही म्हण मी आयुष्यात एकदाच, पण अगदी मोक्याच्या वेळी वापरली. पन्नास-साठ माणसं एकदम हसली. मला एवढी दाद त्याआधी कधी मिळाली नव्हती, त्यानंतरही मिळालेली नाही. त्या गोष्टीला चाळीसेक वर्षं होत आली. त्या दादेची मला अजून लाज वाटते.

केडगाव म्हटलं की माहितगार माणसाला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आठवतं, भाविकाला नारायण महाराजांचं बेट आठवतं आणि व्यापाऱ्याला गूळ आठवतो. मला आमच्या मामांचं गुऱ्हाळ आठवतं. गाव पुण्यापासून रेल्वेनं पन्नासेक किलोमीटर, दौंडपासून त्याच्या निम्मं. गाव वेगळं, स्टेशनाची वस्ती वेगळी, बेट आणखी वेगळं. त्यात भर म्हणून नगरच्या वेशीवर दुसरं एक केडगाव बसलेलं. ही माहिती मी उगीच देत नाही. पुढं तिचा संबंध येणार आहे.

१९८६ सालचा मार्च महिना. मला सरकारी नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं, आणि सरकारी नोकराला शोभेल अशा तत्परतेनं मी आठ दिवसांची रजा काढून मामांकडे काकवी खायला गेलो होतो. गुऱ्हाळ चौफुल्याहून शिरूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला, रेल्वेच्या फाटकापलीकडे. पाचटाचं छप्पर, खाली काहील, चुलवाणात जाळ घालणारा गडी, मागं चिपाडाची ही भली थोरली गंज. गुऱ्हाळाचं जळण म्हणजे उसाचंच वाळलेलं चिपाड. रस काढून झाला की उरलेल्या उसावरच तो रस आटवायचा. आपल्याच हाडांवर आपला स्वैपाक, असं मामा म्हणत. गंजीपासून तीसेक पावलांवर गुऱ्हाळावरच्या माणसांच्या चार कोप्या. त्याही पाचटाच्याच.

दुपारी तीनच्या सुमाराला चुलवाणातली एक ठिणगी वाऱ्यानं छपरात गेली. वाळलेलं पाचट कसं पेटतं हे ज्यानं पाहिलेलं नाही त्याला सांगून उपयोग नाही, आणि ज्यानं पाहिलंय त्याला सांगायची गरज नाही. आधण उतरवायला आलेलं होतं, ते तसंच टाकून माणसं बाहेर पळाली. मामांनी बैल सोडले. वायरमननं सावधगिरी म्हणून लाइन बंद केली. ते योग्यच झालं, फक्त विहिरीवरची मोटारही त्याबरोबर बंद झाली, आणि एवढी पाण्यानं भरलेली विहीर नुसती बघत राहिली. मग बादल्या, घागरी, कडुलिंबाच्या ओल्या डहाळ्या. ज्या भावकीशी मामांचं बांधावरून कोर्टात चाललं होतं, ती भावकीसुद्धा घागरी घेऊन पळत आली. आग विझल्यावर ते पुन्हा बोलेनासे झाले, ते वेगळं.

एवढ्यात कोणीतरी ओरडलं, "आरं, बंबाला फोन करा की कुणीतरी!"

माणसं आगीत गुंतलेली होती. मोकळा, शिकलेला आणि सायकल चालवू शकणारा असा एकच इसम तिथं होता. मी सायकल हाणत स्टेशनाजवळच्या आडत दुकानात गेलो. तिथं फोन होता. त्या काळी फोन म्हणजे ट्रंक कॉल. एक्स्चेंजमधल्या बाईंना आगीचं सांगितल्यावर त्यांनी लाइन बरीच लवकर दिली. पलीकडून 'हॅलो' आल्याबरोबर मी म्हणालो, "केडगावात आग लागलीय. फार मोठी आहे. ताबडतोब या!" पलीकडचा माणूस काहीतरी विचारत होता. मी आणखी मोठ्यांदा म्हणालो, "विचारत काय बसलात? लवकर या!" आणि फोन आपटला. दुकानदारानं मला पाणी दिलं. आपण सुभेदारी गाजवली असं मला वाटत होतं.

बंब आला तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. छप्पर राहिलेलं नव्हतं. काहिलीतल्या रसाचा कोळसा झाला होता. वाफ्याजवळ रचून ठेवलेल्या ढेपांतल्या काही वितळून मातीत पसरल्या होत्या आणि त्यांच्यावर मुंग्यांचा मोर्चा निघाला होता. जाळण्यासारखं काही उरलं नाही म्हणून आग आपली आपण थांबली होती. गंज तेवढी एका अंगानं काळवंडून उभी होती. माणसं दमून बांधावर टेकली होती. दमलेल्या माणसाला राग यायला कोणीतरी लागतं. अशा वेळी घंटा वाजवत बंब आला.

"राख भिजवायला आला का रं?" एक पोरगा म्हणाला.

आणि मग मी ती म्हण टाकली. 'आग रामेश्वरी' म्हणून थोडा थांबलो आणि बंबाकडे हात करून दुसरा अर्धा भाग म्हटला. बांधच्या बांध हसला. मामासुद्धा हसले. ज्या माणसाचं गुऱ्हाळ तासाभरापूर्वी जळलंय त्याला हसवणं ही साधी गोष्ट नव्हे.

बंबावरून पाच-सहा माणसं उतरली. त्यांचा म्होरक्या तांडेल होता. अग्निशमन दलात तांडेल नावाचं पद आहे. हा शब्दही जहाजावरचा. पन्नाशीचा, काळा, किडकिडीत माणूस. हसण्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. त्यानं काहील बघितली नाही, छप्पर बघितलं नाही. सरळ गंजीपाशी गेला आणि तिच्यावर हाताची पालथी बाजू टेकवली, जशी आई पोराच्या कपाळावर टेकवते.

"ही उपसायला लागंल," तो म्हणाला.

आता मामा उठले. "का म्हणून? अर्ध्या हंगामाचं जळण हाय ते. तेवढं एकच वाचलंय. ते बी इस्कटून भिजवून ठेवता व्हय?"

तांडेल म्हणाला, "आत विस्तव आहे."

"तुमास्नी काय दिसतंय?"

"दिसत नाही, म्हणूनच म्हणतोय."

या जागी मला पुढं नेहमी लंडनच्या महापौराची आठवण येत आली आहे. १६६६ च्या सप्टेंबरात लंडनला मोठी आग लागली तेव्हा सर थॉमस ब्लडवर्थ हे गृहस्थ महापौर होते. आगीच्या वाटेतली चार घरं पाडा, म्हणजे ती पुढं सरकायची नाही, असं लोक त्यांना सांगत होते. पण न जळालेलं घर मालकाच्या परवानगीशिवाय पाडायचं आणि मग भरपाई कोणी द्यायची, या विवंचनेत त्यांनी वेळ घालवला. आग चार दिवस चालली आणि १३,००० च्या वर घरं गेली. इतिहासकार ब्लडवर्थसाहेबांना आजवर हसत आले आहेत. मी हसत नाही. आमचे मामा मी पाहिले आहेत. त्या दिवशी त्यांनी पाडायला परवानगी दिली असती आणि आग तिथपर्यंत आलीच नसती, तर लोक त्यांना वेड्यात काढून मोकळे झाले असते. न जळालेली वस्तू हातानं मोडणं फार कठीण असतं. जळू देणं त्या मानानं सोपं, त्यात आपला हात नसतो.

तांडेलानं वाद घातला नाही. त्याच्या माणसांनी आकडे लावून गंजीला खिंड पाडली. हातभर आत गेल्यावर धूर आला. आणखी हातभर आत गेल्यावर चिपाड शेंदरासारखं लाल होतं. बाहेरून गार, आतून इंगळ. बांधावरची माणसं उठून उभी राहिली. कोणी हसलं नाही.

त्यानंतर जे चाललं ते बघण्यासारखं काही नव्हतं, म्हणून बघायला कोणी थांबलंही नाही. बंबाची टाकी पाचेक हजार लिटरची. ऐकायला मोठा आकडा वाटतो, पण पुऱ्या दाबानं दोन नळ्या सोडल्या की चारेक मिनिटांत ती रिकामी होते. बंबाला विहिरीतलं पाणी ओढता येतं का, असं मी शहाण्यासारखं विचारलं. ड्रायव्हरनं विहिरीत वाकून पाहिलं. पाणी चाळीस फूट खाली. पंप कितीही दांडगा असला तरी पंचवीस फुटांच्या खालचं पाणी वर ओढताना तो दम सोडतो. तो हवेच्या दाबाचा नियम आहे, त्याला सरकारही काही करू शकत नाही. सुदैवानं कालव्याला पाणी सुटलेलं होतं. बंब कालव्यावर जायचा, भरून यायचा, ओतायचा, पुन्हा जायचा. मधल्या वेळात माणसं गंज उपसून पातळ पसरायची, पायानं उलटायची, वाकून वास घ्यायची. अशा तीन खेपा झाल्या. अंधार पडला तरी चाललंच होतं.

घरात तोवर दुसराच वाद पेटला होता. मामींनी चुलीवर मोठं पातेलं चढवलं होतं.

"कुणाला गं एवढा चा?" मामांनी विचारलं.

"बंबावाल्या माणसांना."

"त्यांना? आग विझल्यावर आले, त्यांना चा? काय म्हणून?"

मामी ढेपेचा एक खरवडलेला तुकडा पातेल्यात टाकत म्हणाल्या, "येळंवर आलेल्याला चा प्यायला सवड तरी घावली असती का?"

मामा गप्प झाले. ते पटून गप्प झाले की संपून गप्प झाले, हे मला कधीच कळलं नाही. पण चहाची किटली माझ्या हातात आली. उपकार मानावेत ते कशाबद्दल, हा प्रश्न तर्कशास्त्राच्या प्राध्यापकांनी सोडवावा इतका अवघड आहे. फळाबद्दल मानायचे म्हटले, तर बंबानं आमचं काहीच वाचवलं नव्हतं. धडपडीबद्दल मानायचे म्हटले, तर धडपड सगळ्या गावानं केली होती. आणि न घडलेल्या गोष्टीबद्दल मानायचे म्हटले, तर तिचा पुरावा कुठून आणायचा? मामा शेवटपर्यंत म्हणत राहिले, "ते आत आपोआप इझलं असतं." असतंही. रात्री वारा सुटला, तो मी स्वतः ऐकला. कोप्यांतून त्या रात्री लहान पोरं धरून अकरा माणसं झोपली होती, हे मी स्वतः मोजलं. पण या दोन गोष्टींच्या मधली जी तिसरी गोष्ट, ती झाली नाही. तिची बातमी येत नाही.

मी किटली घेऊन गेलो. माणसं बंबाच्या पायरीवर बसली. चहाला जळक्या गुळाचा वास होता. एकानं तो नावाजला. मग तांडेलानं वही काढली. त्यांच्या भाषेत आगीची खबर म्हणजे 'वर्दी'. वर्दी किती वाजता मिळाली, गाडी किती वाजता निघाली, किती वाजता पोचली, सगळं लिहायचं असतं. कंदिलाच्या उजेडात लिहिता लिहिता तो, कोणाला उद्देशून नव्हे असं, बोलत होता.

"केडगाव म्हणाले आणि फोन ठेवला. कुठलं केडगाव, नगरचं का हे, इथपासून सुरुवात. मग एक्स्चेंजला विचारलं. मग आधी गेलो स्टेशनाकडं. तिथं काही नाही. तिथं कुणी म्हणालं, बेटाच्या अंगाला धूर दिसतोय. तिकडं गेलो, तर कुणीतरी पालापाचोळा पेटवलेला. मग इकडं येताना फाटक पडलेलं. मालगाडी. पाऊण तास गेला असंल सगळा. नुसतं 'गुऱ्हाळ' म्हटलं असतं, मालकाचं नाव सांगितलं असतं..." त्यानं मान वर केली. "वर्दी देणाऱ्याचं नाव लिहायचं राहिलंय. फोन कुणी केला होता?"

माझ्या हातात किटली होती. मी शेजारच्या माणसाच्या कपात चहा ओतला. तो कप भरलेलाच होता.

तांडेलानं माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. कपातून उतू गेलेल्या चहाकडेही पाहिलं. मग वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली.

पुढं पुण्यात बदली झाल्यावर एकदा काही निमित्त काढून मी एका अग्निशमन केंद्रात गेलो. निमित्त खोटं होतं, हे सांगायला नकोच. तिथं तीन-चार तास बसलो. सकाळी गाडी सुरू करून बघायची, टाकी भरलेली आहे ना बघायची, नळ्या धुऊन उंचावरून वाळत घालायच्या, घंटा तपासायची. त्या वेळात तीन वर्द्या आल्या. एक झाड पडल्याची. एक आत कुलूप लावून बसलेल्या दोन वर्षांच्या मुलाची, गॅसवर दूध ठेवलेलं. तिसरी खोटी. अशा खोट्या वर्दीलाही गाडी काढावी लागते, कारण खोटी आहे हे पोचल्यावरच कळतं. दुपारी तिथला एक माणूस सुपारी कातरत म्हणाला, "आज दिवस चांगला चाललाय. काही झालं नाही."

काही न करण्याबद्दल पगार घेणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. मी स्वतः त्यांच्यात एकतीस वर्षं होतो. पण काही न घडण्याबद्दल पगार घेणारी माणसं ती निराळी, हे मला तिथं प्रथम दिसलं. आम्ही कचेरीत काही घडलं तर चिडत असू. ही माणसं पळत सुटत.

त्या केंद्राच्या भिंतीवर १४ एप्रिलच्या कार्यक्रमाची सूचना लावलेली होती. १४ एप्रिल १९४४ या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज होतं. त्याच्या पोटात कापसाच्या गासड्या आणि शेकडो टन स्फोटकं एकत्र ठेवलेली, वर सोन्याच्या विटा. दुपारी धूर दिसला. मुंबईचे बंब गेले आणि तास-दोन तास पाणी मारत राहिले. विस्तव कापसाच्या पोटात होता, बाहेरून दिसत नव्हता. चार वाजून गेल्यावर जहाज फुटलं. अग्निशमन दलाची ६६ माणसं त्यात गेली. म्हणून तो दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. ते बंब वेळेवर गेले होते. त्यांना वाटेत कोणी पाऊण तास चुकवलं असतं तर त्यातली काही माणसं घरी गेली असती, असा विचार माझ्या मनात येऊन गेला आणि लगेच त्या विचाराचीही लाज वाटली. मला तो विचार कशासाठी हवा होता, हे मला ठाऊक होतं.

आता मी फोनवर पत्ता सांगतो तो ऐकवत नाही, असं आमच्या घरचे म्हणतात. दूधवाल्याला सांगतानासुद्धा गाव, तालुका, जवळची खूण, फाटकाच्या अलीकडे की पलीकडे, आणि शेवटी माझं नाव. नाव मी दोनदा सांगतो.

मामा पुढं पुष्कळ जगले. त्यांनी गुऱ्हाळ पुन्हा उभं केलं, या खेपेला वर पत्रा घालून. गंजही कोप्यांपासून लांब रचली. का, ते कधी बोलले नाहीत. आगीची गोष्ट मात्र ते आल्यागेल्याला सांगत. ठिणगी, बैल, भावकीच्या घागरी, सगळं रंगवून झालं की माझ्याकडे बोट दाखवत. "आणि मग ह्यो आमचा भाचा काय म्हणाला माहितंय का? सांग रं."

मी ती म्हण सांगायचो. सगळे हसायचे. मामी आत चहा टाकायला उठायच्या.